वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील शोध



वर्तमानपत्राचें आयुष्य एका दिवसाचें, असें आपल्याकडे पूर्वापार समजलें जात आलें आहे. सकाळीं तें चहाबरोबर वाचावें, दुपारीं त्यावर चार शब्द बोलले जावेत आणि महिनाअखेरीस तें रद्दीवाल्याच्या तराजूंत पडावें, हा त्याचा ठरलेला क्रम. ज्यांना जुन्या अंकाची गरज पडे ते ग्रंथालयांत जाऊन वर्षवार बांधलेल्या जाडजूड फायली काढीत, आणि घटनेची तारीख ठाऊक असली तर पानें उलटून इष्ट मजकूर गांठीत. आतां वृत्तपत्रें संकेतस्थळांवर आलीं आहेत. काल प्रसिद्ध झालेली बातमी आज रद्दींत जात नाहीं. ती तेथेंच राहते, आणि तिच्यावर रोज शेंकडों नव्या बातम्यांची रास पडत जाते. या राशींतून हवी ती बातमी काढून देण्यासाठीं पानाच्या कोपऱ्यांत एका भिंगाचें चित्र असतें. त्या भिंगावर बोट ठेविलें कीं एक रिकामी चौकट उघडते. तींत शब्द लिहावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. या चौकटीलाच सर्वजण ‘सर्च’ म्हणतात. मराठी वाचकाच्या ती पुरतेपणीं उपयोगीं कां पडत नाहीं, आणि पडावी म्हणून काय केलें पाहिजे, याचा आज विचार करावयाचा आहे.

एक उदाहरण घेऊं. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईंत जो प्रलयंकर पाऊस झाला त्याची आठवण पुष्कळांना असेल. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. समजा, त्या दिवसांत एखाद्या मराठी पत्रानें काय लिहिलें हें एका विद्यार्थ्यास पाहावयाचें आहे. तो चौकटींत ‘मुंबई पाऊस’ असे दोन शब्द लिहितो. मग बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर कालपरवांच्या हवामानाच्या बातम्यांची न संपणारी यादी त्याच्यापुढें येते. नाहीं तर ‘काहीही सापडले नाही’ असा कोरडा जबाब मिळतो. यादी पाहून तो कंटाळतो, इतकेंच. परंतु दुसऱ्या जबाबानें तो फसतो. कारण ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘या पत्रानें छापलेंच नाहीं’ असा तो करून घेतो, आणि तसा अर्थ करून घेण्यांत त्याची कांहींच चूक नसते. वस्तुतः मजकूर तेथें असतो, वार्ताहरानें गुडघाभर पाण्यांत उभें राहून तो लिहिलेला असतो, आणि पत्राचेंच यंत्र पत्राविरुद्ध खोटी साक्ष देत असतें. पीकविम्याची मुदत शोधणारा शेतकरी, मंत्र्यानें पांच वर्षांपूर्वीं दिलेलें आश्वासन पडताळून पाहणारा नागरिक, दिवंगत वडिलांवर आलेला लेख शोधणारी मुलगी, या सर्वांना हीच साक्ष मिळते, आणि ती ते खरी मानतात.

असें कां होतें हें समजण्यासाठीं एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे : शोधाच्या वेळीं यंत्र बातम्या वाचीतच नाहीं. ग्रंथाच्या शेवटीं जशी शब्दसूचि असते तशी एक प्रचंड सूचि तें अगोदरच तयार करून ठेवतें. प्रत्येक शब्दापुढें तो ज्या ज्या बातम्यांत आला असेल त्यांचे क्रमांक मांडलेले असतात. आपण शब्द लिहिला कीं तो या सूचींत पाहिला जातो. अक्षरांची मालिका तंतोतंत जुळली तर क्रमांक मिळतात, न जुळली तर शून्य. अर्थाशीं यंत्राला कर्तव्य नसतें. अलीकडे अर्थाची जवळीक ताडून शोध घेणारीं साधनेंहि निघालीं आहेत आणि तीं उपयुक्त आहेत. परंतु जेथें माणसाचें नांव, गांव, आंकडा किंवा तारीख तंतोतंत हवी असते, तेथें सूचीवांचून अद्याप भागत नाहीं.

आतां मराठी मथळ्यांत हा शब्द कसा येतो तें पाहा. ‘मुंबईला पावसाने झोडपले’. ‘पावसात लोकल अडकल्या’. ‘पावसाचे शेकडो बळी’. यांपैकीं एकाहि मथळ्यांत ‘पाऊस’ अशीं अक्षरें नाहींत! इंग्रजींतील ‘रेन’ हा शब्द कर्ता असो वा कर्म, आपलें रूप सोडीत नाहीं. आपला शब्द मात्र विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वींच सामान्यरूपाचा वेष धारण करतो. माणूस ‘माणसाला’ होतो, देऊळ ‘देवळात’ होतें, वीज ‘विजेची’ होते. शब्दाच्या आरंभींचीं अक्षरें तेवढीं जुळवून पाहावीं, अशी एक युक्ति इतर भाषांत चालते. आपल्याकडे तीहि फसते. ‘निवडणूक’ यांतील दीर्घ णू ‘निवडणुकीत’ या रूपांत ऱ्हस्व होतो, ‘सोलापूर’ यांतील पू ‘सोलापुरात’ या रूपांत ऱ्हस्व होतो, आणि यंत्राच्या दृष्टीनें ते दोन परके शब्द ठरतात. शाळकरी मुलाकडून आपण जें व्याकरण पाठ करून घेतों, तें या यंत्राला बहुधा कोणीं शिकविलेलेंच नसतें. कारण यंत्र इंग्रजीसाठीं घडविलेलें असतें आणि मराठी पत्र तें तयार विकत घेतें.

तेव्हां पहिला उपाय उघड आहे. सूचि करतांना प्रत्येक शब्दाचा प्रत्यय सोडवून, सामान्यरूप उलगडून, मूळ शब्दहि नोंदवावा. वाचकाच्या शब्दावरहि तोच संस्कार करावा. मग दोन्ही रूपें एकाच ठिकाणीं येऊन मिळतील. परंतु या उपायालाहि मर्यादा आहे. ‘पुण्याचा’ हें रूप ‘पुणे’ या नांवाचें आहे कीं ‘पुण्य’ या शब्दाचें, हें प्रत्यय काढून कळत नाहीं. ठाण्याची बातमी शोधणाऱ्यापुढें तर राज्यांतील प्रत्येक ‘पोलीस ठाण्यात’ नोंदलेला गुन्हा येऊन उभा राहतो. ‘पावसाळी अधिवेशन’ पावसाच्या बातम्यांत मिसळलें म्हणजे विधानमंडळाच्या कामकाजावरहि छत्री धरावी लागते. म्हणून सूचींत मूळ शब्द व बातमींत आलेलें रूप या दोहोंची नोंद असावी. तंतोतंत जुळणारें रूप वर, उलगडून जुळलेलें त्याखालीं, असा क्रम ठेवावा. आणि शेजारचा शब्द ‘पोलीस’ असेल तर तें ठाणे शहर नव्हे, एवढें तरी यंत्राला सांगून ठेवावें.

व्याकरणाच्याहि खालीं एक अडचण दडलेली असते, आणि ती डोळ्यांना दिसतच नाहीं. संगणकांत अक्षर म्हणजे एक क्रमांक. देवनागरी अक्षरांना १९९१ सालीं युनिकोड या जागतिक व्यवस्थेंत क्रमांक मिळाले. परंतु एकच जोडाक्षर कधीं कधीं दोन मार्गांनीं लिहितां येतें. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांतील अर्धा र घ्या. एका कळफलकावर तो ऱ आणि हलन्त अशा दोन क्रमांकांनीं उमटतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तीन क्रमांकांनीं. कागदावर किंवा पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; यंत्राला ते भिन्न वाटतात. महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांतला कदाचित् सर्वांत महत्त्वाचा शब्द या एका अदृश्य चिन्हापायीं दुभंगावा, ही मोठी खेदाची गोष्ट आहे. ‘ॲ’ या अक्षराचीहि तीच कथा. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. तोंपर्यंत कोणी अ वर चंद्र काढी, कोणी ए वर. यावर उपाय अगदीं यांत्रिक आहे, आणि म्हणूनच तो न करण्याला सबब नाहीं : सूचींत शिरणारा आणि चौकटींत लिहिला जाणारा प्रत्येक शब्द अगोदर एकाच ठरीव रूपांत आणून घ्यावा. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं बहुतेक पत्रें आपापले निराळे टंक वापरीत आणि वाचकाला तो टंक अगोदर उतरवून घ्यावा लागे. त्या काळचीं पानें रूपांतर न करतां तशींच ठेविलीं असतील, तर त्यांतील मराठी मजकूर यंत्राच्या दृष्टीनें निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग आहे. त्यांत शोध घेणें म्हणजे कुलूपबंद घरांत डोकावणें.

शुद्धलेखनाविषयीं बोलतांना मला थोडी मौज वाटते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ सालीं आले आणि पुढें १९७२ सालीं त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांमुळें उच्चारांत नसलेले अनुस्वार गेले. हें भाषण ज्या जुन्या वळणानें छापलें जात आहे त्यांतील ‘नांव’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ हे शब्द आजच्या वाचकाच्या ‘नाव’, ‘काही’, ‘नाही’ यांच्याशीं यंत्राच्या हिशेबीं जुळणार नाहींत. ज्या पत्रानें आपले १९६२ पूर्वींचे अंक संकेतस्थळावर आणले असतील, त्याच्या संग्रहाचे यामुळें दोन तुकडे पडतात, आणि अलीकडच्या वाचकाला पलीकडचा तुकडा दिसत नाहीं. मग सगळेच अनुस्वार पुसून टाकावेत काय? तसें केलें तर मंदिर शोधणाऱ्या भाविकास मदिरेच्या बातम्या मिळण्याचा संभव आहे. शब्दान्तींचे अनुस्वार निर्धास्त सोडावेत. मधले मात्र यादी करून, शब्द पारखून सोडावेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतींत यंत्रानें उदारच असलें पाहिजे. वाचक शोध घेण्यासाठीं आलेला असतो, परीक्षेस बसण्यासाठीं नव्हे.

एखादें अक्षर चुकलें तर काय करावें, यालाहि शास्त्र आहे. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यास किती अक्षरें घालावीं, काढावीं किंवा बदलावीं लागतात, त्यावरून दोन शब्दांतील अंतर मोजण्याची रीति लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानें १९६५ सालीं मांडली. तिच्या आधारें यंत्र जवळचा शब्द सुचवूं शकतें. तथापि येथें एक पथ्य आहे. ‘मोरे’ आणि ‘गोरे’ यांत अंतर एकाच अक्षराचें. परंतु एकाच्या जागीं दुसऱ्याची बातमी गुपचूप दाखविणें हा त्या दोन्ही घराण्यांवर अन्याय होईल, आणि बातमी गुन्ह्याची असेल तर तो भयंकर होईल. यंत्रानें विचारावें, परस्पर बदलूं नये. पुष्कळ लोक मोबाईलवर मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात, आणि ‘पाऊस’ हा शब्द ते किती तऱ्हांनीं लिहितील याचा नेम नाहीं. त्यांनाहि ‘देवनागरींत लिहा’ असा उपदेश न करतां उच्चारावरून देवनागरी पर्याय पुढें ठेवावेत.

आतांपर्यंत सांगितलेलीं कामें यंत्रज्ञाचीं. पुढचें काम संपादकाचें आहे, आणि मला वाटतें तेंच अधिक उपेक्षित आहे. गांवांचीं नांवें बदलतात. १९९५ सालीं इंग्रजी व्यवहारांतहि मुंबई हें नांव अधिकृत झालें. औरंगाबाद व उस्मानाबाद यांचीं छत्रपति संभाजीनगर व धाराशिव हीं नांवें २०२३ सालीं झालीं; २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. आज ‘धाराशिव दुष्काळ’ असें लिहिणाऱ्या वाचकाला त्या जिल्ह्याच्या आधींच्या दुष्काळांची माहिती मिळणार नाहीं, कारण ती सारी ‘उस्मानाबाद’ या शब्दाखालीं पुरलेली आहे. हें ज्ञान कोणत्याहि व्याकरणांतून निघत नाहीं. तें कोणीतरी माणसानें एका यादींत लिहून ठेवावें लागतें. ग्रंथपालांना ही गोष्ट नवी नाहीं. त्यांच्या तालिकेंत ‘अमुक नांवासाठीं तमुक पाहा’ अशी पत्रिका असतेच. डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम सांगितले त्यांतील चौथा वाचकाच्या वेळेच्या बचतीविषयींच आहे. पदव्या, खात्यांचीं बदललेलीं नांवें, पक्षांच्या फुटीनंतरचीं नांवें, योजनांचीं लांबलचक सरकारी नांवें आणि लोकांच्या तोंडीं बसलेलीं आंखूड नांवें, या सर्वांची अशी यादी प्रत्येक पत्राच्या कचेरींत असावयास हवी, आणि तिच्यावर एका व्यक्तीचा जबाबदारपणें हात फिरत राहिला पाहिजे.

सांपडलेल्या बातम्यांचा क्रम लावणें हा पुढचा भाग. केंब्रिजच्या विदुषी कॅरन स्पार्क जोन्स यांनीं १९७२ सालीं एक साधें पण फार मोलाचें तत्त्व मांडलें : जो शब्द संग्रहांत विरळा, त्याला वजन अधिक. ‘मुंबई’ हा शब्द हजारों बातम्यांत येतो, ‘मिठी नदी’ हे शब्द थोड्यांत. म्हणून ‘मुंबई मिठी नदी’ असें विचारल्यास नदीकडे अधिक लक्ष द्यावें. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर मात्र पुष्कळदां सर्वांत नवी बातमी सर्वांत वर, एवढाच एक नियम चालतो. ताज्या बातमीसाठीं तो योग्य आहे; परंतु ताजी बातमी तर मुखपृष्ठावरच असते, ती शोधावयास कोण जाईल? जो शोधावयास येतो त्याला बहुधा जुनें कांहीं हवें असतें. ‘अधिक जुळणारें’ आणि ‘अधिक नवें’ असे दोन्ही क्रम त्याच्या हातीं द्यावेत. तारखेची मर्यादा घालण्याची सोयहि सुधारावयास हवी. कित्येक ठिकाणीं एक छोटेसें कॅलेंडर उघडतें आणि त्यावर एकेक महिना मागें जावें लागतें. आजपासून जुलै २००५ पर्यंत जाण्यास दोनशेंहून अधिक वेळां बोट दाबावें लागेल. ही सोय नव्हे, हा जप आहे! साल आणि महिना थेट निवडतां आला म्हणजे पुरे. लोकांना घटनेची तारीख आठवत नाहीं, ‘त्या सालीं गणपतीच्या आधीं’ इतकेंच आठवतें.

उत्तरांची यादी वाचणाराहि एक माणूसच असतो. आपल्या उपसंपादकांना अर्थगर्भ मथळ्यांची आवड. ‘अखेर तो आला!’ असा मथळा पावसाचा कीं नव्या आयुक्तांचा, हें छापील पानावर शेजारच्या चित्रावरून कळतें. यादींत कळत नाहीं. म्हणून प्रत्येक मथळ्याखालीं ज्या वाक्यांत शोधलेला शब्द आला तें वाक्य, तो शब्द ठळक करून, द्यावें. त्याबरोबर गांवाचें नांव, मजकूर बातमी आहे कीं अग्रलेख कीं चित्रफीत हें, आणि न चुकतां पूर्ण तारीख द्यावी. ‘तीन वर्षांपूर्वीं’ असें मोघम लिहूं नये. तारीख नसलेली जुनी पुराची बातमी आजची म्हणून मोबाईलवरून गांवोगांव फिरते आणि घबराट माजविते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ध्वनिफितींची व चित्रफितींची स्थिति तर फारच केविलवाणी असते. तुम्ही आतां ऐकत आहांत तें हें भाषणहि लिहून काढलें नाहीं तोंपर्यंत कोणत्याहि शोधाला तें मुकें आहे; केवळ शीर्षकावरून काय सांपडेल तेवढें सांपडेल. आतां यंत्रें मराठी भाषण ऐकून बऱ्यापैकीं लिहितात. तो मजकूर फितीखालीं ठेवावा आणि सूचींत घ्यावा.

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. चौकट मोबाईलवर पुरेशी रुंद असावी, अक्षर मोठें असावें, आणि उत्तर आल्यावर लिहिलेला शब्द चौकटींतून पुसला जाऊं नये, म्हणजे एक शब्द बदलण्यासाठीं सारें पुन्हां लिहावें लागत नाहीं. याला खर्च जवळजवळ नाहीं.

आतां पुन्हां त्या ‘काहीही सापडले नाही’ या वाक्याकडे येऊं. कांहीं वेळां तें खरें असेल. परंतु तें खरें आहे कीं नाहीं हें वाचकाला ताडतां यावें, एवढी सामग्री त्या पानावर हवी. हा शोध कोणत्या सालापासूनच्या मजकुरांत घेतला. छापील अंकांचीं चित्ररूप पानें त्यांत धरलीं आहेत कीं नाहींत. कोणत्या पुरवण्या वगळल्या. कोणता शब्द अक्षरशः शोधला. आणि जवळचे शब्द कोणते. हें सांगणारें पान ‘आमच्याजवळ नाहीं’ आणि ‘आम्हांला सांपडलें नाहीं’ यांतला भेद राखतें. दुसरें असें कीं, ज्या शब्दांना कांहींच उत्तर मिळालें नाहीं, अशा शब्दांची नोंद यंत्र ठेवूं शकतें. ती यादी दर आठवड्यास संपादकखात्यांतील एका माणसानें वाचावी. कोणतें गांव आपल्या यादींत नाहीं, कोणतें रूप उलगडत नाहीं, लोक कशाविषयीं विचारीत आहेत आणि आपण त्यावर कांहींच लिहिलेलें नाहीं, हें सारें तींत दिसतें. मात्र लोक त्या चौकटींत रोगांचीं, नातेवाइकांचीं, भानगडींचीं नांवें विश्वासानें लिहितात. म्हणून कोणीं विचारलें याची खूण त्या यादींत राहतां कामा नये.

छापील जुन्या अंकांचा प्रश्न स्वतंत्र आहे. पानाचें छायाचित्र घेऊन त्यांतील अक्षरें यंत्राकडून ओळखवून घ्यावीं लागतात, आणि देवनागरींत शिरोरेषेनें सारीं अक्षरें एकमेकांस बांधलेलीं असल्यानें यंत्राला एक अक्षर कोठें संपतें हेंच प्रथम कळत नाहीं. फिकट शाईच्या पानावर घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची सहज गल्लत होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २००८ सालीं जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह लोकांसाठीं खुला केला तेव्हां एक धाडस केलें : यंत्रानें ओळखलेला मजकूर पानाच्या चित्राशेजारींच ठेविला आणि चूक दिसल्यास ती दुरुस्त करण्याची मुभा वाचकांना दिली. लोकांनीं तें काम हौसेनें उचललें आणि तें अद्याप चालू आहे. मराठींत असा प्रयोग करण्यास पेन्शनर मंडळींची उणीव पडेल असें मला वाटत नाहीं.

इतकें सारें करूनहि शोध सुधारला कीं नाहीं, हें कसें ठरवावयाचें? इंग्लंडांत क्रॅनफील्ड येथील विमानविद्येच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनीं १९६० च्या सुमारास याची पद्धति घालून दिली. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगांत १,४०० लेखांचा एक संग्रह आणि ठराविक प्रश्न घेतले होते. प्रत्येक प्रश्नाला कोणते लेख योग्य हें माणसांकडून अगोदर ठरवून घेतलें. आणि मग निरनिराळ्या रीतींनीं शोध घेऊन दोन गोष्टी मोजल्या. योग्य लेखांपैकीं किती हातीं आले, आणि हातीं आलेल्यांपैकीं किती योग्य होते. एखाद्या मध्यम मराठी पत्रालाहि हें करतां येईल. कचेरींतील जुन्या संदर्भविभागाच्या माणसाला बसवून वाचकांनीं खरोखर विचारलेले पन्नास प्रश्न निवडावेत, त्यांचीं उत्तरें अंकांतून काढून ठेवावींत, आणि यंत्रांत कोणताहि बदल केला कीं तेच पन्नास प्रश्न त्याला पुन्हां घालावेत. त्या पन्नासांत पांच प्रश्न तरी असे असावेत कीं ज्यांचें उत्तर संग्रहांत मुळींच नाहीं. म्हणजे खोटें ‘नाहीं’ म्हणण्याची यंत्राची खोड घालवितां घालवितां त्याला खोटें ‘आहे’ म्हणण्याची खोड तर लागली नाहीं ना, हेंहि कळेल.